घरच्या भट्टीतली तलवार : पोलादाच्या उष्मोपचाराचा वाद कुठवर आला आहे

युरोप-अमेरिकेत गेल्या अर्धशतकात घरामागच्या शेडमध्ये भट्टी लावून मध्ययुगीन घाटाच्या तलवारी, कट्यारी, भाल्यांची पाती घडवणाऱ्यांचा एक मोठा वर्ग उभा राहिला आहे. त्यांतले काही जण जुन्या जर्मन-इटालियन पोथ्यांवरून तलवारबाजी शिकतात, काही जण ऐतिहासिक लढाया मैदानावर उभ्या करतात, काहींचा नुसता लोखंडावर जीव आहे. १९७६ साली बिल मोरान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी स्थापन केली. १९८७ साली जिम ह्रिसूलास यांचे ‘द कम्प्लीट ब्लेडस्मिथ’ आले आणि अनेकांचे पहिले पाठ्यपुस्तक ठरले. २०१५पासून ‘फोर्ज्ड इन फायर’ या दूरचित्रवाणी मालिकेने हा छंद घराघरांत नेला.

पाते ठोकणे, घासणे, मूठ बसवणे याविषयी या मंडळींत फारसे मतभेद नाहीत. मतभेद आहेत ते पात्याला पाणी देण्याविषयी. पोलाद किती तापवायचे, कशात विझवायचे, नंतर पुन्हा किती तापवून नरम करायचे, आणि हे सगळे करताना मध्ययुगातल्या लोहाराला प्रमाण मानायचे की आजच्या प्रयोगशाळेला, या प्रश्नांवर अनुभवी माणसेही एकमेकांना विरोधी उत्तरे देतात. त्यांतली काही उत्तरे आज निश्चितपणे बरोबर किंवा चूक ठरवता येतात. काही अजून मोकळी आहेत.

मध्ययुगात खरोखर काय होत होते

‘मध्ययुगीन पद्धत’ असे म्हटले की एकच पद्धत डोळ्यांसमोर येते, पण तशी ती नव्हती. जर्मन भिक्षू थिओफिलस याने बाराव्या शतकाच्या सुरुवातीला कारागिरीवर लिहिलेल्या ग्रंथात कानस कठीण करण्याची कृती दिली आहे. बैलाचे शिंग जाळून त्याची पूड मिठात मिसळायची, ती तापलेल्या कानशीवर भुरभुरायची आणि कानस विझवायची. इतर हत्यारे विझवण्यासाठी तो नेचे खाऊ घातलेल्या बोकडाचे, किंवा लाल केसांच्या लहान मुलाचे मूत्र सुचवतो. १५३२ साली जर्मनीत छापलेल्या ‘फॉन श्टाहेल उंट आयझेन’ या पुस्तिकेत वनस्पतींच्या आणि किड्यांच्या अर्कांची पाणी आहेत. तापवताना पोलादावर चढणाऱ्या रंगांचा उपयोगही तीत आहे. इटलीत बिरिंगुच्चोचा धातुकामावरचा ग्रंथ १५४०चा, आणि देला पोर्ताचे या विषयावरचे लेखन त्याच शतकातले.

या कृती आज वाचताना विचित्र वाटतात, पण त्यांत अर्थ होता. शिंगाच्या कोळशातून पृष्ठभागाला कार्बन मिळत होता. मूत्र हे खारे पाणी असल्यामुळे साध्या पाण्याहून जलद थंड करत होते. बोकडाच्या आहाराने मात्र काही बदलण्याचे कारण नव्हते. उपयोगी आणि निरुपयोगी भाग वेगळे करण्याचे साधन त्या काळच्या कारागिराकडे नव्हते, त्यामुळे यशस्वी कृती तो सगळ्या तपशिलांसह जपत होता. आजच्या छंदी लोहारांतही पाते उत्तरेकडे तोंड करून विझवण्यासारख्या रूढी टिकल्या आहेत, त्यामागचे कारण हेच आहे.

ग्रंथांपेक्षा पाती जास्त बोलतात. ब्रिटिश धातुइतिहासकार ॲलन विल्यम्स यांनी अनेक दशके संग्रहालयांतल्या शस्त्रांचे आणि चिलखतांचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण केले. ‘द नाइट अँड द ब्लास्ट फर्नेस’ (२००३) आणि ‘द सोर्ड अँड द क्रुसिबल’ (२०१२) ही त्यांची दोन पुस्तके या विषयाचा पाया आहेत. त्यांतून दिसणारे चित्र अनेकांच्या कल्पनेला धक्का देते. बऱ्याच तलवारींचा गाभा मऊ लोखंडाचा आणि धार तेवढी पोलादाची आहे. काही पाती पूर्ण कठीण केलेली आहेत, काही अर्धवट, काही विझवलेलीच नाहीत. एकाच पात्यात कार्बनचे प्रमाण जागोजागी बदलते. त्यामुळे पूर्ण वेगाने विझवले तर पाते तडकण्याची भीती होती. ती टाळण्यासाठी अनेक कारागीर मंद गतीने विझवत, किंवा क्षणभर बुडवून बाहेर काढत आणि आतल्या उरलेल्या उष्णतेने धार आपोआप नरमू देत.

‘उल्फबेर्ट’ अशी अक्षरे जडवलेल्या तलवारींचा वाद वेगळा आहे. अशा सुमारे १७० तलवारी ज्ञात आहेत. त्यांतल्या काहींत कार्बनचे प्रमाण इतके जास्त आहे की ते पोलाद इराण किंवा मध्य आशियातून आलेले, मुशीत वितळवलेले असावे असे विल्यम्स यांचे म्हणणे आहे. ते सर्वांना मान्य नाही.

या शोधांचा आपल्या प्रश्नावर थेट परिणाम होतो. घरी तलवार करणाऱ्याला इतिहासाशी तंतोतंत प्रामाणिक राहायचे असेल, तर त्याने असमान, अर्धकठीण, मध्यम दर्जाचे पाते करायला हवे. तसे करायला जवळजवळ कुणीच तयार नसते. सगळ्यांना मध्ययुगातल्या उत्तमोत्तम कारागिराला जे साधायचे होते ते हवे असते. ही इच्छा मला रास्त वाटते, फक्त तिला ‘परंपरागत पद्धत’ म्हणू नये.

धातुशास्त्राने मिटवलेले प्रश्न

हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८६०च्या दशकात पॉलिश करून आम्लाने कोरलेले पोलाद सूक्ष्मदर्शकाखाली धरले, आणि तिथून गूढतेची जागा रचनेने घेतली. पोलाद ७२७ अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्यातल्या लोहाच्या अणूंची मांडणी बदलू लागते आणि त्या नव्या मांडणीत, म्हणजे ऑस्टेनाइटमध्ये, कार्बन विरघळतो. सावकाश थंड केले तर कार्बन बाहेर पडून लोहाशी संयोग पावतो आणि थराथरांचे परलाइट तयार होते. झपाट्याने थंड केले तर कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. तो अडकतो, स्फटिकाची जाळी ताणली जाते आणि कठीण, ठिसूळ मार्टेन्साइट बनते. आडोल्फ मार्टेन्स या जर्मन शास्त्रज्ञावरून ते नाव फ्लोरिस ऑस्माँ यांनी १८९५मध्ये दिले. १९३०मध्ये डेव्हनपोर्ट आणि बेन यांनी कोणत्या तापमानाला किती वेळात कोणता बदल होतो याचे आलेख मांडले. ‘किती झपाट्याने’ या प्रश्नाचे उत्तर तेव्हापासून आकड्यांत देता येते. साध्या उच्च-कार्बन पोलादाला परलाइटचा धोका टाळायला लालभडक अवस्थेपासून सुमारे ५४० अंशांखाली साधारण एका सेकंदात यावे लागते. क्रोमियम किंवा मँगॅनीज असलेल्या पोलादाला त्याहून जास्त वेळ मिळतो.

यातून काही जुने दावे निकालात निघाले आहेत. थंड होत आलेल्या पात्याच्या धारेवर हलके हातोडे मारून ‘कण दाबून बसवता’ येतात हा समज टिकत नाही, कारण पुढच्याच तापवणीत कण नव्याने तयार होतात. पाते ‘ताठ’ करण्यासाठी जास्त कठीण करावे हाही गैरसमज आहे. पोलादाची ताठरता सुमारे २०० ते २१० गिगापास्कल असते आणि उष्मोपचाराने ती जवळजवळ बदलत नाही. मऊ आणि कठीण अशी एकाच मापाची दोन पाती सारख्याच जोराने वाकतात. मऊ पाते वाकलेलेच राहते आणि कठीण पाते परत येते, एवढाच फरक. ताठरता मिळते ती जाडीतून आणि आकारातून. स्वीडिश कारागीर पीटर यॉन्सन यांनी संग्रहालयांतल्या मूळ तलवारी मोजून त्यांची जाडी मुठीपासून टोकापर्यंत कशी उतरत जाते हे काळजीपूर्वक नोंदवले आहे. त्या नोंदी वाचल्या की उष्मोपचाराच्या माथी मारले जाणारे कितीतरी दोष खरे तर आकाराचे असतात हे पटते.

भंगार की नवी पट्टी

पहिला चालू मतभेद कच्च्या मालाचा. एका गटाचे म्हणणे असे की पूर्वीचा लोहार मिळेल ते लोखंड वापरत असे. त्याच न्यायाने आजच्या लोहाराने ट्रकचे कमानपाटे, बेअरिंगच्या कड्या, जुन्या कानशी वापराव्यात. माल स्वस्त मिळतो आणि नजर तयार होते. दुसरा गट म्हणतो, घटक ठाऊक नसलेल्या पोलादाचा उष्मोपचार हा अंदाज असतो, आणि तीन फूट लांबीच्या पात्यावर अंदाज करू नये.

भारतात मिळणारा कमानपाटा एसयूपी ९ असू शकतो, ईएन ४५ असू शकतो किंवा क्रोम-व्हॅनेडियम. एसयूपी ९मध्ये ०.५२ ते ०.६० टक्के कार्बन आणि थोडे क्रोमियम असते. ईएन ४५मध्ये कार्बन तेवढाच, पण सिलिकॉन दीड ते दोन टक्के. दोन्ही तेलात विझतात, मात्र नरम करण्याच्या वेळी त्यांचे वागणे वेगळे असते. शिवाय लाखो खड्डे सोसलेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या थकव्याच्या भेगा असतात. सुरीत त्या कदाचित कधीच उघड होणार नाहीत. तलवारीत त्या पहिल्या जोरदार आघातात उघड होऊ शकतात.

या बाबतीत मत बरेचसे दुसऱ्या गटाकडे झुकले आहे. अमेरिकेतल्या बहुतेक शिक्षकांची शिफारस आता १०७५ किंवा १०८४ या साध्या कार्बन पोलादांची, आणि तलवारीसाठी ५१६० या क्रोमियमयुक्त स्प्रिंग पोलादाची असते. १०८४मध्ये कार्बन जवळजवळ नेमका तेवढाच असतो जेवढा कमीत कमी तापमानाला पूर्ण विरघळतो, त्यामुळे नवख्याच्या चुका ते पचवते. कार्बन ०.६ टक्क्यांच्या पुढे नेऊन विझवलेल्या पात्याच्या कठीणपणात फारशी भर पडत नाही. म्हणून ‘जास्त कार्बन म्हणजे चांगली तलवार’ हे समीकरणही चूक आहे. बांधकामाची सळई किंवा साधी एमएस (कमी कार्बनची) पट्टी कितीही तापवून विझवली तरी उपयोगाचे पाते होत नाही, हे सांगण्याची गरज पडू नये. पण पडते.

भट्टी आणि नजर

पोलाद पुरेसे तापले की नाही हे ठरवण्याचा सर्वांत प्रचलित उपाय म्हणजे लोहचुंबक. ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटेनासे होते. हा उपाय सोपा आहे, पण अर्धवट समजून वापरला जातो. १०८४ला ८०० ते ८१५ आणि ५१६०ला साधारण ८३० अंश लागतात. म्हणजे चुंबक सुटल्यावर आणखी ३० ते ६० अंश वर जायचे असते, आणि ते अंतर चुंबक दाखवत नाही. काही जण पात्यावर चिमूटभर मीठ टाकतात, कारण खाण्याचे मीठ ८०१ अंशांना वितळते. काही जण अंधाऱ्या शेडमध्ये पात्यावर सरकणारी सावली बघतात. पोलादाची रचना बदलताना ते उष्णता शोषून घेते आणि तेवढा भाग क्षणभर काळवंडतो. ही सावली नाहीशी झाली की बदल पूर्ण झाला. नजर तयार असेल तर ही खूण चुंबकाहून भरवशाची आहे. आज थर्मोकपल आणि डिजिटल मापक हौशी माणसालाही परवडतात, त्यामुळे हा मतभेद ओसरत चालला आहे.

खरी अडचण मोजण्यापेक्षा सारखे तापवण्याची आहे. सुरी भट्टीत पूर्ण मावते, ८० सेंटिमीटरची तलवार मावत नाही. छोट्या गॅसभट्टीतून पाते मागेपुढे सरकवत राहावे लागते. त्यात मुठीजवळ पाते ५-६ मिलिमीटर जाड आणि टोकाशी २-३ मिलिमीटर असते, म्हणून टोक आधी तापते. ते जास्त तापले की पोलादाचे कण वाढतात आणि नेमके टोकच ठिसूळ होते. कारागीर डॉन फॉग यांनी लोकप्रिय केलेली उभ्या पिंपाची भट्टी याच अडचणीवरचे उत्तर आहे. पिंपाला आतून सिरॅमिक लोकरीचे अस्तर लावायचे, खाली एकच बर्नर बसवायचा आणि पाते वरून आत टांगायचे. मोठ्या पोकळीत तापमान बरेच सारखे राहते. वितळलेल्या क्षारांचे स्नान याहून नेमके असते, पण त्यात ओल गेली तर क्षार उसळून बाहेर उडतात. घरच्या शेडमध्ये त्याला जागा नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

विझवण्याआधी पाते दोन-तीनदा तापवून हवेत थंड करावे, प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोड्या कमी तापमानाला, याला आता जवळजवळ सर्वांची मान्यता आहे. ठोकताना वाढलेले कण त्याने बारीक होतात आणि ताण मोकळे होतात. अशा किती फेऱ्या पुरेत याविषयी मात्र एकमत नाही. तीन पुरतात असे बहुतेक म्हणतात. पाते तीन-तीनदा विझवण्याने आणखी फायदा होतो असे काही कारागीर मानतात. तसा थोडा फायदा काही पोलादांत होतोही, पण तलवारीसारख्या लांब पात्याला प्रत्येक विझवणीत वाकण्या-तडकण्याचा नवा धोका पत्करावा लागतो.

पाणी, मिठाचे पाणी, तेल

जपानी परंपरेचा प्रभाव असलेले कारागीर पाण्याच्या बाजूने बोलतात. पाठीवर मातीचा जाड लेप आणि धारेवर पातळ थर देऊन पाते पाण्यात बुडवले की धार तेवढी मार्टेन्साइटची होते. मार्टेन्साइट आकारमानाने फुगते आणि पाते पाठीकडे कमानदार वळते. जपानी तलवारीची कमान बऱ्याच अंशी इथे जन्मते. हेच पाते तेलात विझवले तर ते बहुधा उलट, धारेकडे वळते. दुधारी, सरळ युरोपीय पात्याला मात्र अशा कमानीचा उपयोग नाही. दोन्ही धारा आणि मधला कणा सारख्या गतीने थंड व्हावे लागतात. म्हणून मध्ययुगीन युरोपीय घाटाच्या तलवारीसाठी तेल हा आज बहुमताचा पर्याय आहे.

तेलातही भेद आहेत. कारखान्यांसाठी बनवलेली जलद विझवणीची तेले १०७५-१०९५सारख्या उतावळ्या पोलादांना लागतात. ५१६० किंवा ईएन ४५ला खाद्यतेलही पुरते. तेल ५०-६० अंशांपर्यंत गरम करून घेतले की ते पातळ होते आणि उलट जलद थंड करते. ही गोष्ट नवख्यांना पटत नाही, पण ती खरी आहे. एक किलोच्या पात्याने २० लिटर तेल साधारण १५ अंशांनी तापते, तेव्हा उभ्या पाइपात निदान तेवढे तेल हवे. वापरलेले इंजिन ऑइल हा अजूनही अनेकांचा आवडता, फुकटचा उपाय आहे. त्याचा धूर विषारी असतो आणि त्याची गती कुणालाच ठाऊक नसते. त्याच्या बाजूने सांगण्यासारखे मला काही सापडलेले नाही.

विझवल्यावर २०० ते २६० अंशांच्या आसपास मार्टेन्साइट बनू लागते. त्या आधीचे आणि लगेच नंतरचे काही क्षण पाते अजून हाताने सरळ करता येते. लांब पात्यांत वाकणे हा नियम आहे, अपवाद नाही. म्हणून जाणते कारागीर जाड हातमोजे आणि दोन सपाट लोखंडी पाट्या तयार ठेवतात. ती वेळ गेल्यावर सरळ करायला गेले की ‘टिंग’ असा बारीक आवाज येतो आणि सगळे काम वाया जाते.

नरम किती करायचे

विझवलेले पाते काचेसारखे ठिसूळ असते. ते पुन्हा तापवून थोडा कठीणपणा सोडावा लागतो आणि त्याच्या बदल्यात चिवटपणा मिळवावा लागतो. कारखान्यात याला टेम्परिंग म्हणतात. हे लगेच करावे, निदान दोनदा करावे, एवढ्यावर सर्व सहमत आहेत. किती तापमानाला, यावर नाहीत. सबंध विषयातला सर्वांत महत्त्वाचा वाद हाच आहे.

सुरीचे उत्तर सोपे आहे : २०० अंशांच्या आसपास, कठीणपणा रॉकवेल मापावर ५८ ते ६०. तलवारीला आघात सोसायचा असतो, म्हणून तिला साधारण ४८ ते ५४ रॉकवेल हवे असे बहुतेकांना मान्य आहे. तिथे पोहोचायचे तर पाते ३०० अंशांच्या पुढे न्यावे लागते. पारंपरिक खूण निळ्या रंगाची. साध्या पोलादावर २२० अंशांना फिकट पिवळा, २६०ला तपकिरी, २८०ला जांभळा आणि ३००च्या आसपास निळा रंग चढतो. शतकानुशतके ‘निळे टेम्पर’ म्हणजे स्प्रिंगचे टेम्पर मानले गेले.

धातुशास्त्रज्ञांचा आक्षेप इथे येतो. साधारण २५० ते ४०० अंशांच्या पट्ट्यात बऱ्याच पोलादांचा चिवटपणा वाढण्याऐवजी घटतो. न बदललेले ऑस्टेनाइट विघटित होते आणि कठीण कार्बाइडचे पापुद्रे कणांच्या सीमांवर बसतात. ‘नाइफ इंजिनिअरिंग’ (२०२०) लिहिणारे धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस यांनी हा मुद्दा पाते घडवणाऱ्यांच्या भाषेत नेटाने मांडला. त्यांच्या मते या पट्ट्यात टेम्पर करणे म्हणजे कठीणपणाही गमावणे आणि चिवटपणाही.

यावर तीन भूमिका दिसतात. पहिली : पट्टा टाळावा आणि त्याच्या खाली राहावे. पाते थोडे कठीण राहील, धार टिकेल. दुसरी : पट्टा ओलांडून ४००च्या पुढे जावे. वाहनांच्या कमानपाट्यांना कारखाने हेच करतात. कठीणपणा ४५-४८पर्यंत उतरतो, पण सरावाच्या बोथट तलवारीला ते चालते. तिसरी : पोलादच बदलावे. सिलिकॉन हे पापुद्रे बनणे लांबवते, त्यामुळे ९२६० किंवा ईएन ४५सारख्या पोलादात धोक्याचा पट्टा वर सरकतो आणि ३०० अंशांचे टेम्पर सुरक्षित होते. डेहराडूनच्या निर्यातदार कारखान्यांपासून युरोपातल्या छोट्या कारागिरांपर्यंत अनेकांची ईएन ४५ला पसंती आहे, त्याचे एक सबळ कारण हे आहे.

निळ्या टेम्परचे समर्थक गप्प बसलेले नाहीत. त्यांचा युक्तिवाद असा, की हा ठिसूळपणा १० मिलिमीटर जाडीच्या खाच पाडलेल्या नमुन्यावर लंबकाचा घाव घालून मोजला जातो, आणि तलवारीचे पाते ३ ते ५ मिलिमीटर जाड असते व त्यात खाच नसते. निळ्या टेम्परच्या त्यांच्या तलवारी वर्षानुवर्षे तुटलेल्या नाहीत. हा अनुभव मोलाचा आहे, पण तो मोजमाप नव्हे. तलवारीच्या जाडीच्या, तलवारीसारख्या आघाताच्या पद्धतशीर चाचण्या होईपर्यंत हा वाद सुटणार नाही. तोवर मला तिसरी भूमिका सर्वांत शहाणी वाटते, कारण तिच्यात वादाची एकही बाजू खरी ठरण्यावर कुणाचा जीव अवलंबून नाही.

मऊ पाठ की सबंध पाते एकसारखे

याला जोडूनच दुसरा मोठा मतभेद आहे. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीच्या परीक्षेत उमेदवाराच्या सुरीने एक इंची दोरखंड एका घावात कापायचा, लाकडाचा सोट तोडायचा, त्यानंतरही हातावरचे केस काढायचे, आणि शेवटी शेगड्यात धरून ती ९० अंश वाकवायची. पाते तुटता कामा नये. या परीक्षेने धारेपुरती विझवणी आणि मऊ पाठ हे एका पिढीचे आदर्श बनवले. घरच्या भट्टीत तापमानाची खात्री नसते, तेव्हा मऊ पाठ पात्याला तुटण्यापासून वाचवते, हे या बाजूचे म्हणणे विचार करण्याजोगे आहे. मध्ययुगातली लोखंडी गाभ्याची, पोलादी धारेची पातीही त्यांच्या बाजूने साक्ष देतात.

दुसरी बाजू केव्हिन कॅशन यांच्यासारखे कारागीर मांडतात. ९० अंश वाकून तसेच राहणारे पाते ही सुरीची परीक्षा असेल, तलवारीची नव्हे. तलवार वाकून परत सरळ व्हायला हवी. त्यासाठी पाते आरपार कठीण करून सारखे टेम्पर केलेले हवे. मऊ पाठीची लांब तलवार एका तिरक्या घावात वाकडी होते आणि लढाईत वा सरावात ती गुडघ्यावर सरळ करत बसावे लागते. दुधारी तलवारीसाठी ही बाजू आता वरचढ आहे. फाल्शन किंवा मेसर या एकधारी मध्ययुगीन तलवारींसाठी प्रश्न अजून उघडा आहे. कारागीर हॉवर्ड क्लार्क यांनी एल ६ पोलादात पाठ बेनाइटची (परलाइट आणि मार्टेन्साइट यांच्या मधली, चिवट रचना) आणि धार मार्टेन्साइटची करून दोन्ही गुण साधले, पण त्याला क्षारस्नान आणि विलक्षण नेमकेपणा लागतो.

एका गोष्टीकडे दोन्ही बाजूंचे लक्ष कमी पडते. तलवारी बहुधा पात्यात तुटत नाहीत, मुठीत शिरणाऱ्या शेपटीपाशी तुटतात. तिथला कोपरा टोकदार ठेवला तर कोणताही उष्मोपचार तिला वाचवत नाही. कोपऱ्याला गोलाई द्यायची आणि शेपटी पात्यापेक्षा मऊ ठेवायची.

तपासायचे कसे

कठीणपणा मोजण्याचे रॉकवेल यंत्र १९१४पासूनच्या संशोधनातले. घरी ते क्वचित असते, म्हणून कानशीवर भिस्त असते. नवी कानस पात्यावरून घसरली तर पाते कठीण, चावली तर मऊ. पण तापवताना पृष्ठभागाचा कार्बन जळून गेलेला असतो. वरचा थर मऊ लागतो आणि आतले पोलाद ठीक असूनही पाते बिघडले असे वाटते. कानस लावण्याआधी थोडे घासून घ्यावे. याहून चांगली चाचणी नमुना मोडण्याची. त्याच पट्टीचा तुकडा त्याच तापमानाला विझवून हातोड्याने मोडायचा. आतून मखमलीसारखा करडा दिसला तर कण बारीक, साखरेसारखा चमकला तर पोलाद जास्त तापले. पैशाचा खर्च नाही आणि कोणत्याही मतापेक्षा हा पुरावा खणखणीत आहे.

आपल्याकडे

महाराष्ट्राचा या विषयाशी जुना संबंध आहे. सतराव्या शतकात मराठ्यांच्या फिरंग तलवारींना युरोपातून आलेली सरळ पाती असत आणि मुठी इथल्या. दख्खनचे, मुशीत केलेले वुट्झ पोलाद त्याच काळात पश्चिमेकडे जात होते. १९९८मध्ये व्हर्होव्हन आणि पेंड्रे यांनी वुट्झच्या पात्यांवर दिसणाऱ्या नक्षीमागे व्हॅनेडियमसारख्या अत्यल्प अशुद्धी असल्याचे दाखवले. ते पेंड्रे व्यवसायाने फ्लोरिडातले नालबंद होते, हे इथे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. घरच्या भट्टीतून गंभीर संशोधन होऊ शकते.

भारतात मात्र कायदा लक्षात घ्यावा लागतो. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांत तलवारी, खंजीर, भाले ही शस्त्रे आहेत. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे सुरेही त्यांत येतात. घरगुती, शेती आणि औद्योगिक अवजारे वगळलेली आहेत. म्हणून इथल्या वाचकाने हा विषय शिकायचा तर कोयता, विळा, कुऱ्हाड यांवर शिकावा. गावच्या लोहाराकडे फाळ शेवटताना तो नेमके किती लाल करतो, कशात विझवतो, हे चुंबक आणि थर्मोकपल घेऊन मोजावे आणि लिहून ठेवावे. त्याच पट्टीचा एक तुकडा दर वेळी मोडून बघावा. पोलादाचा प्रकार, तापमान, तेल, टेम्पर आणि मोडीचे छायाचित्र अशी नोंद प्रत्येक कामाची ठेवावी, फसलेल्या कामाचीही. निळ्या टेम्परचा वाद सोडवायला जगभर नेमक्या अशाच नोंदींची वाण आहे.